जालिंदर सरांचा उजवा पाय

"आणि ती दुसरी नळी?" मंदाकाकूंनी आवाज खाली आणला. "ती… लघवीची?"

"ती भूल दिल्यावर घालतात, काकू. कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकतात."

पलंगावरचा माणूस खिडकीकडे तोंड करून पडला होता. हे बोलणं आपल्याबद्दल नाहीच, शेजारच्या कुणाबद्दल तरी चाललंय, असा त्याचा आव होता. पण कान इकडेच होते. शेवटी राहवलं नाही.

"मंदे, विचार की. घालायला बाई असती का बाप्या?"

"अहो, त्या इथंच उभ्या आहेत. तुम्हीच विचारा."

"तू विचार."

"पुरुषांना आमचे संदीप ब्रदर घालतात," दुर्वा म्हणाली. "काढताना थोडं चुरचुरतं, एवढंच."

"चुरचुरू दे. बाई नको म्हंजे झालं."

तो आवाज. म्हातारपणाने जरा चिरला होता, पण धार तीच. उन्हात तापलेल्या मैदानाच्या पार टोकाला जाऊन पाठीत बसणारी. दुर्वाने टोपी कपाळावर आणखी खाली ओढली. नाकातोंडावर मास्क होता, छातीवरच्या पट्टीवर सासरचं आडनाव होतं, शेटे, आणि त्याखाली हुद्दा, वेदनामापक. पलंगाच्या पायथ्याशी रुग्णाचं नाव लिहिलं होतं. जालिंदर सावंत. उजवा गुडघा, सांधेबदल.

जालिंदर सर. कराडच्या अलीकडच्या गावातले, मुलींच्या कबड्डी संघाचे. अजूनही शिकवत होते. राज्य स्पर्धा तोंडावर आली असताना गुडघ्याने दगा दिला, म्हणून गुडघ्यावरच रागावलेले.

"आणि ती मांडीतली नळी?" काकूंनी विचारलं. "ती म्हणे दुखणं ऐकते?"

"ऐकते. उद्या सकाळी मी समजावून सांगेन," दुर्वा म्हणाली, आणि पाय ओढत बाहेर आली. तिचा उजवा पाय गुडघ्यात अर्ध्या लोटलेल्या दारासारखा होता. ना पुरता उघडणारा, ना पुरता मिटणारा.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. आईची ओवी ओठांवर आली. आई त्या गुडघ्याला तेल चोळताना म्हणायची, शब्द तिचेच:

*कळ माझी बारीक, रेशमाची तार*
*कुणाला दावू बाई, मिटलेलं दार*

आता ते दार दुर्वाच्या हातात आलं होतं.

•

दुखणं म्हणजे नसेतून धावणारे विजेचे ठिपके. आपल्या नसांमध्ये जाड तंतू असतात, बारीक तंतू असतात. जाड तंतू स्पर्शाचा निरोप झपाझप नेतात. बारीक तंतू दुखण्याचा निरोप नेतात, आणि सावकाश नेतात. म्हणून पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं की आधी नुसतं आपटल्याचं कळतं, आणि पुढच्या श्वासाला ती खरी कळ येते.

पूर्वी पायाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ मांडीतल्या नसेशेजारी बारीक नळी ठेवत आणि तिच्यातून बधिर करणारं औषध सोडत राहत. दुखणं जाई, पण त्याच्याबरोबर पायही जाई. माणूस उठायला गेला की ओंडक्यासारखा कोसळे. कमी सोडावं तर विव्हळे. मग ऐकणारी नळी आली. तिच्या टोकाशी इवले इवले कान आहेत. बारीक तंतूंमधली धावपळ ती ऐकते, मोजते, आणि लागेल तेवढंच औषध सोडते. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो. तिला, आणि ती जोडलेली असते त्या पलंगाशेजारच्या यंत्राला, सगळे तराजू म्हणतात.

पण किती धावपळ झाली म्हणजे दुखलं म्हणायचं, हे तराजूला ठाऊक नसतं. प्रत्येक माणसाची नस निराळी. म्हणून ऑपरेशनच्या आधी नळी बसवून झाली की नडगीवर एक चकती लावतात. ती हळूहळू तापते. कुठे दुखायला लागलं आणि कुठे सोसेनासं झालं ते रुग्णाने सांगायचं. त्याच्या शब्दांवरून तराजू आपली पट्टी आखतो, शून्यापासून दहापर्यंत. याला माप लावणं म्हणतात.

एकदा लावलेलं माप कुणाला हलवता येत नाही, डॉक्टरलाही नाही. मधल्या काळात नातेवाइकांनी गयावया करून आणि डॉक्टरांनी दयेपोटी इतकं औषध वाटलं होतं, की गावोगाव पाय बरे झालेली आणि औषधावाचून न जगणारी माणसं उरली. मग कायदा झाला. जहाल औषधांचं कपाट तराजूच्या आकड्यानेच उघडतं. आणि आकडा बदलायचा तर रुग्णाने स्वतःच्या तोंडाने, यंत्राला ऐकू जाईल असं, दुखतंय म्हणायला हवं.

सरळ, न्यायाचं यंत्र. त्याला एवढंच माहीत नव्हतं, की काही माणसांना तो शब्द बोलताच येत नाही.

दुर्वाला येत नव्हता. सरांच्या मैदानावर 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलीला मैदानाला फेऱ्या माराव्या लागत, आणि तिच्यापायी साऱ्या संघाला. त्यामुळे सरांनी ओरडायच्या आधीच मैत्रिणी तोंडावर हात ठेवत. 'काय नाय' म्हणायचं. बोट मोडलं, काय नाय. दात पडला, काय नाय. उपांत्य सामन्यात चढाई करताना दुर्वाच्या गुडघ्यात काहीतरी ओल्या फांदीसारखं तुटलं, तेव्हाही ती हेच म्हणाली. सरांनी पट्टी आवळली आणि दुसऱ्या दिवशी तिला अंतिम सामना खेळवला.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा तराजू नवा होता. माप लावताना खोलीत कोण असावं, कोण नसावं, याचा नियम नव्हता. सर हाताची घडी घालून पायाशी उभे राहिले. "बघू, आमची पोरगी किती खणखणीत हाय ती." चकती तापत गेली. नडगीचं कातडं लाल झालं. दुर्वा सरांकडे बघत राहिली आणि म्हणत राहिली, काय नाय सर. काय नाय.

ऑपरेशननंतर तिच्या अंगावर जळता वणवा होता आणि तराजू म्हणत होता, दोन. दोनला गोळी मिळते, जहाल औषध मिळत नाही. ती नुसती किंचाळली, तो शब्द तोंडून निघाला नाही. तेव्हा सर परिचारिकांना म्हणाले, "यंत्र काय खोटं बोलतंय? नाटकं हायत. निवड समितीसमोर जायची भीती वाटत आसंल." व्यायामवाल्या बाईंनी गुडघा वाकवायला हात लावला की ती बेशुद्ध पडायची. वाकवायचे दिवस निघून गेले. गुडघा आखडला तो कायमचा. संघातून नाव गेलं आणि गावात शब्द उरला. नाटकी.

पुढे ती हेच काम शिकली. तराजूजवळ का आलीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, पगार बरा आहे.

आता नियम होता. माप लावताना ओळखीचं माणूस खोलीत नको. मापकच ओळखीचा निघाला, तर त्याने सांगून बाजूला व्हायचं. दुर्वाने सांगितलं नाही.

•

सकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर फातिमा मुजावर यांनी सरांच्या मांडीत नळी बसवली आणि त्या शस्त्रक्रियागृहात गेल्या. काकूंना बाहेर बसवलं. खोलीत दोघंच राहिली.

"घाबरू नका," दुर्वा म्हणाली. तोंडावर मास्क होता. "ही चकती तापेल. दुखलं की लगेच सांगायचं. इथे सोसायला बक्षीस नाही."

"लगीच सांगू?"

"लगेच. जेवढं खरं सांगाल तेवढं नंतर सुख."

"बरं बाई." म्हातारा खरंच घाबरला होता. परक्या माणसापुढे घाबरायला त्याला लाज वाटत नव्हती. "मला लई भ्या वाटतंय बघ. मंदीला सांगू नगंस."

एवढं बोलून तो हसला, आणि दुर्वाचं मन एक क्षण डळमळलं. तोंड झाकूनच चकती चालू केली असती, तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं, तराजूने खरी पट्टी आखली असती, आणि दोन महिन्यांनी तो शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहिला असता. पुढच्या दुर्वाला पट्टी आवळत.

तिला खोटा आकडा घालायचा नव्हता. यंत्राला हातही लावायचा नव्हता. फक्त चेहरा दाखवायचा होता.

*सूड माझा तान्हा गं, पाळण्यात घातला*
*माझ्याच दुधावरी, उंबऱ्यात रांगला*

तिने मास्क हनुवटीखाली ओढला. टोपी काढली.

"ओळखलंत का सर?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. मग त्याच्या पाठीचा कणा गादीवरच ताठ झाल्यासारखा झाला. घाबरलेला म्हातारा गेला, जालिंदर सर आले.

"पाटोळ्यांची दुर्वा?"

"हो सर."

"हितं हायस व्हय." नजर तिच्या पायाकडे गेली आणि तिथून लगेच परत आली. "बरं हाय. चालू कर. बघतेस काय."

तिने चकती चालू केली.

"दुखलं का सर?"

"हॅट्."

चकती तापत गेली. सरांच्या कपाळावर घामाचा एक मणी उभा राहिला.

"आता?"

"काय नाय."

पायाचं बोट आत वळलं. पलंगाच्या दांडीवरची मूठ पांढरी पडली. दुर्वा त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली आणि ते तिच्या. एखाद्या चढाईत चढाईपटू आणि पकड करणारी बघत राहतात तशी.

"सर, सोसवत नसेल तर सांगायचं असतं."

"तुज्यापुढं?" सर हसले. हसताना दात दाबलेले होते. "काय नाय. वाढीव."

यंत्र आपल्या हद्दीला येऊन आपोआप थांबलं. तराजूने पट्टी आखली. दुर्वाने मास्क वर घेतला.

"झालं सर. खणखणीत आहात."

•

ऑपरेशनची भूल उतरली तेव्हा दुपार कलत होती. मंदाकाकू दुर्वाला शोधत आल्या. ओच्याला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

"बाई, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. बोलत नाहीत. चादर दातात धरलीय. ती लघवीची नळीसुद्धा आठवंना झालीय, जिच्यासाठी रात्रभर जागले."

दुर्वा आत गेली. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तराजूवर हिरव्या अक्षरात दोन.

"यंत्र दोन म्हणतंय, काकू."

"पण बघा तरी त्यांच्याकडं!"

"यंत्र काय खोटं बोलतंय?"

तिने हे मोठ्याने म्हटलं. सरांच्या पापण्या हलल्या. ऐकलं त्यांनी.

डॉक्टर मुजावर फेरीवर आल्या. आकडा बघितला, चेहरा बघितला, आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. "सावंतकाका, दुखतंय का? नुसतं हो म्हणा. बाकी मी बघते."

सरांनी तोंड उघडलं. डॉक्टरांच्या खांद्यामागे दुर्वा उभी होती, हाताची घडी घालून.

"छ्या," सर म्हणाले. "काय नाय."

व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला थांबवलं. "माप लावताना आत कुणी होतं?"

"मी एकटीच, मॅडम."

"मग हे असं कसं? नाडी घोड्यासारखी पळतेय. उद्यापासून गुडघा वाकवला नाही तर आखडेल."

"हो," दुर्वा म्हणाली. "आखडतो."

डॉक्टर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

सकाळी व्यायामवाल्या बाई आल्या. सरांनी त्यांना पायाला हात लावू दिला नाही. अंग गरम आहे, म्हणाले. पोटात गोळा आलाय, म्हणाले. जगातली सगळी दुखणी सांगितली, ते एक सोडून. बाई कंटाळून गेल्या. काकूंनी दुर्वाला पाण्याच्या नळाशी गाठलं. आता मास्ककडे न बघता त्या तिच्या पायाकडे बघत होत्या.

"तू दुर्वा ना गं?"

दुर्वाने उजवा पाय मागे ओढला.

"चाल ओळखली मी. कालच ओळखायला हवी होती." काकूंनी हात जोडले. "पोरी, तुझ्या पाया पडते."

"काकू, तुम्ही नको."

"तुला तेव्हा असंच होत होतं?"

"असंच."

"आणि हे बाहेर येऊन आम्हाला हसत हसत सांगत होते…" काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी नळ बंद केला. मग उगाचच पुन्हा घट्ट बंद केला. "माझं बाळंतपण अडलं होतं, तेव्हाही हे दाराबाहेरून म्हणाले होते, आवाज नको. मी नाही केला."

•

दुपारी पोरी आल्या. बारा जणी, एकसारखे निळे ट्रॅकसूट, वेण्या घट्ट. रात्रीच्या गाडीने स्पर्धेला निघायच्या होत्या. सरांच्या संघाची रीत होती, की गाव सोडण्याआधी एकेकीने सरांच्या उजव्या पायावर दोन्ही हात दाबून डोकं टेकवायचं. उजवाच पाय. सरांनी याच पायाने खेळून कधीकाळी पदक आणलं होतं. वरवर हात लावलेला सरांना चालत नसे. "पाया पडतेस का धूळ झाडतेस?" म्हणायचे.

पोरी खोलीच्या दाराशी थबकल्या. पुढे कर्णधार रक्षंदा, सावळी, रुंद खांद्यांची.

"काकू, सर झोपलेत का? पाया पडून लगेच जातो."

काकूंनी आत पलंगाकडे पाहिलं. मग तराजूशेजारी उभ्या असलेल्या दुर्वाकडे. एक शब्द पुरे होता. ऑपरेशनचा पाय आहे गं, लांबूनच नमस्कार करा. दुर्वा तो शब्द बोलू शकत होती, तिचं ते कामच होतं. काकूही बोलू शकत होत्या.

काकू दारातून बाजूला झाल्या.

"या," दुर्वा म्हणाली. "सर वाट बघतायत."

सरांनी डोळे उघडले. बारा पोरी रांगेत पाहिल्या आणि त्यांना कळलं. त्यांनी दुर्वाकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम होता, मग नुसता प्रश्न, मग आणखी खालचं काहीतरी, जे तिने त्यांच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. ती हलली नाही.

पहिल्या पोरीने पायावर हात दाबले, डोकं टेकवलं. पाय हलला. गुडघ्यातून कळ निघाली ती सरांच्या मानेच्या शिरेपर्यंत दिसली.

"यशस्वी हो," सर म्हणाले.

दुसरी वाकली. सरांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. पोरींना वाटलं, प्रेमाने. तिसरी वाकली, जोरकस, सर शिकवत तशी. दांडी खडखडली. तराजूवर हिरवं दोन, शांत, तळ्यातल्या चंद्रासारखं.

तिघींना पुढे सोडून रक्षंदा चौथी आली. तिचे हात मोठे होते. तिने ते पायावर ठेवले आणि दाबणार, तोच जालिंदर सर ओरडले.

"नगं! नगं लावूस! दुखतंय! दुखतंय गं, आई, दुखतंय मला!"

खोलीत एकदम काही उरलं नाही, तो आवाज सोडून. व्हरांड्यातून माणसं डोकावली. तराजूवरचं हिरवं अक्षर विझलं आणि यंत्र विचारू लागलं, बायकी, मऊ आवाजात: कृपया आकडा सांगा. शून्य ते दहा.

आता चकती लावायची गरज नव्हती. दुखणं जागेवर हजर होतं.

"किती सर?" दुर्वाने विचारलं.

"नऊ," सर पुटपुटले.

"मोठ्याने. यंत्राला ऐकू गेलं पाहिजे."

"नऊ!"

"पोरींना ऐकू गेलं नाही सर."

"नऊ गं, नऊ! दहा! दे की आता!"

औषध सुटलं. ते नसेत उतरायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ सर लहान मुलासारखे हुंदके देत राहिले आणि बारा पोरी उभ्या राहिल्या. ज्या माणसाने त्यांना एक शब्द गिळायला शिकवलं होतं, तोच तो शब्द ओकत होता. दुर्वाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्या छातीतलं काहीतरी निवेल. निवलं. खोटं कशाला बोला? उन्हाळ्यात तहानलेल्या माणसाने माठाला तोंड लावावं तसं वाटलं. आणि तरी तहान उरली.

दारात डॉक्टर मुजावर उभ्या होत्या. कधी आल्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, पोरींकडे, मग दुर्वाच्या पायाकडे.

"तू यांना ओळखत होतीस."

"हो मॅडम."

"याचं उत्तर द्यावं लागेल तुला. मी वर कळवणार आहे. माप लावायला यापुढे तू बसणार नाहीस."

"देईन," दुर्वा म्हणाली. "लपवणार नाही."

सरांचा श्वास हळूहळू लांब होऊ लागला. मुठी सुटल्या. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि आवाज सापडतोय का ते चाचपलं. "जावा पोरींनो. गाडी चुकंल. आन् हितलं हितंच ऱ्हाऊ द्या."

पण रक्षंदा अजून पायाशीच वाकलेली होती. ती सावकाश उभी राहिली. तिचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला. तो तिथे ठेवायचा की नाही, हे हाताचं ठरत नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "माझा खांदा निखळतोय. दिवाळीपासून. रात्री झोप लागत नाही मला."

"रक्षे, गप—"

"माझी पोटरी, सर," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही बांधली होती, त्याच्या खाली काळं पडलंय."

"मला पाळीत उभं राहवत नाही सर. तुम्ही पळवता."

"सर, माझं बोट वाकडंच जुळलं."

रांग मोडली होती. पोरी पलंगाभोवती आल्या, दबक्या आवाजात, एकमेकींकडे चोरून बघत, आणि मग न बघता. कुणी बाही वर केली, कुणी ट्रॅकसूटचा पाय. कुणाचंही तोंड कुणी दाबलं नाही. मंदाकाकू भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावरून काढला होता.

सरांच्या मांडीतून औषध थेंबाथेंबाने उतरत होतं आणि गुडघा गार पडत होता. बाकीच्यावर त्या नळीत काही नव्हतं. सर एकेका आवाजासरशी आक्रसत गेले. सगळ्यात धाकटी, बारीक आवाजाची पोर आपल्या बरगड्यांबद्दल सांगू लागली, तेव्हा त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि डोळे मिटले.

दुर्वा ताठ पाय ओढत पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेली आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली.

"डोळे उघडा सर," ती म्हणाली. "ती अजून बोलतेय."